आफ्रिकेकडून आलेली लाट जूनमध्ये खरंच मरते का?

ह्यूस्टनची_सून: अटलांटिकच्या नकाशावर आफ्रिकेकडून एक ट्रॉपिकल वेव्ह (कमी दाबाची पावसाळी लाट, जिच्यातून पुढे वादळ बनू शकतं) निघालेली दिसतेय. नवरा म्हणतो, "जून आहे, शिअर तिला खाऊन टाकेल." पण २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा लाइट जाऊन फ्रीजमधलं सगळं फेकावं लागलं होतं, भरून आणलेला हापूसचा रससुद्धा. मग त्याला का नाही खाल्लं या शिअरने?

जहाजी_काका: सूनबाई, नवरोजी अर्धे बरोबर आहेत. शिअर म्हणजे खालच्या आणि वरच्या वाऱ्यातला फरक, साधारण दीड किलोमीटर आणि बारा किलोमीटर उंचीवरचा. खाली पूर्वेकडून १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि वर पश्चिमेकडून २५ नॉट, की झाला ४० नॉट शिअर. २० च्या पुढेच लाटेला जड जातं. ढग केंद्राच्या डोक्यावर उभे राहिले तर उष्णता तिथे साठते आणि दाब उतरतो. शिअरने माथा पूर्वेला ढकलला की ती उष्णता भलतीकडेच जाते, शिवाय कोरडी हवा आत घुसते. सॅटेलाइटवर मग पांढुरक्या ढगांची उघडी चकली दिसते आणि पाऊस पार बाजूला. हे दिसलं की आम्ही जहाजाच्या ब्रिजवर निवांत चहा मागवायचो.

जूनमध्ये कॅरिबियनवर वरचे पश्चिमी वारे अजून जोरात असतात, त्यात सहाराची धूळ. वर्षाला साठेक लाटा निघतात, बहुतेक नुसता पाऊस देऊन जातात. २०२३ चं ब्रेट वादळ १९ जूनला नावारूपाला आलं, बेटं ओलांडली आणि २४ तारखेला कॅरिबियनमध्ये शिअरनेच संपलं.

बेरिलला मात्र सुरुवातीला शिअर कमी आणि पाणी ऐन सप्टेंबरसारखं गरम मिळालं. २८ जूनला जन्म, ३० ला कॅटेगरी ४ (वाऱ्याच्या जोराच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी), १ जुलैला ग्रेनडाच्या कॅरियाकू बेटावर, मग थेट ५. पुढे जमैकाच्या वाटेवर शिअर भेटला, पण तोवर गाभा पक्का बसला होता. वादळाचा जोर उतरला, ते मेलं नाही. शिअरची खरी मर्दुमकी कोवळ्या लाटेपुढेच.

रोठा_सुपारी: आमच्या श्रीवर्धनला निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला पोफळी आडव्या केल्या. मग जुलै-ऑगस्टात अरबी समुद्र एवढा खवळलेला असून वादळ का येत नाही?

जहाजी_काका: तोच शिअर, फक्त उलटा. मान्सून बसला की खाली नैर्ऋत्येचे जोरदार वारे आणि वर पूर्वेकडून वाहणारा जेट, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत. निसर्ग तो जम बसायच्या आत आलं. म्हणून आपल्याकडची वादळं मे-जूनला, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरला.

ह्यूस्टनची_सून: काका, मग रोज बघायचं काय?

जहाजी_काका: अमेरिकेच्या हरिकेन सेंटरने वादळाचं बुलेटिन सुरू केलं की त्यातलं 'डिस्कशन' वाचायचं, पुढच्या दोन-तीन दिवसांचा शिअर त्यात लिहितात. तोवर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा शिअरचा नकाशा उघडायचा. मात्र आज लाट आहे तिथला आकडा बघू नका, ती परवा जिथे पोचेल तिथला बघा. आणि रस यंदा थोडाच आणा.