टेनिस एल्बो: इंजेक्शन घ्यावं की व्यायाम करत थांबावं?

प्रश्न:
उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी बरेच महिने दुखतंय. टेनिस कधी खेळले नाही, दिवसभर माउस आणि घरी ओले कपडे पिळणं एवढंच. आता भरलेली बाटली उचलली तरी मनगटापर्यंत कळ जाते. गोळ्या आणि जेलने तेवढ्यापुरता फरक पडला. डॉक्टर म्हणतायत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन टाका, पण ओळखीतल्या एकीला आधी आराम पडला आणि नंतर जास्तच दुखायला लागलं, म्हणून भीती वाटतेय. आणि पट्टा कोपरावरच बांधायचा ना?

प्रतिसाद 1:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शनची घाई करू नका. त्याने पहिले काही आठवडे खरंच छान वाटतं, पण 2002, 2006 आणि 2013 च्या मोठ्या अभ्यासांत वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा न घेतलेले जास्त बरे होते आणि दुखणं उलटायचं प्रमाणही इंजेक्शनवाल्यांतच जास्त होतं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची दोरी म्हणजे टेंडन कोपराच्या हाडाला चिकटतो तिथे झिजलेला असतो, नुसती सूज नसते, त्यामुळे त्याला हळूहळू भार देऊनच ताकद आणावी लागते.
सुरुवात अशी करा. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. दुसऱ्या हाताने वरून दाबा आणि मनगट हलू न देता 30 ते 45 सेकंद धरा, असं चार-पाच वेळा. हे जमलं की अर्धा किलोचं डंबेल घ्या, चांगल्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या आणि दुखऱ्या हाताने एकट्याने सावकाश खाली सोडा. थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीन-चारपर्यंत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं दिसलं तर वजन कमी करा.

प्रतिसाद 2:
पट्टा कोपरावर नाही हं, कोपराच्या दोन बोटं खाली, जिथे मूठ वळल्यावर स्नायू फुगतो तिथे. झोपताना काढायचा, आणि बोटांना मुंग्या आल्या तर सैल करायचा. मला त्याहून जास्त फरक उचलायची पद्धत बदलल्याने पडला, तळवा वर आणि वस्तू अंगाजवळ. कपडे पिळणं मात्र काही दिवस घरात दुसऱ्या कुणाला तरी सांगाच, तो पीळ थेट त्याच जागेवर येतो.

प्रतिसाद 3:
पीआरपी (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि शॉकवेव्ह (मशीनने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे झटके) याबद्दल पण सांगतील तुम्हाला, खर्चिक आहेत आणि उपयोगाची खात्री नाही, मी तरी आधी व्यायाम पूर्ण करेन. ऑपरेशन सहा महिने ते वर्षभर सगळं करूनही हटलं नाही तरच. हात बधिर होत असेल, पकड एकदम गेली असेल किंवा मान वळवली की कळ येत असेल तर मान आणि नसा तपासून घ्या, कारण मग ते टेनिस एल्बो नसूही शकतं.

प्रश्नकर्ती:
बधिरपणा नाही, मान पण ठीक आहे. मग इंजेक्शन थांबवते. पण किती दिवस धीर धरायचा?

प्रतिसाद 1:
रोज नीट केलंत तर सहा ते बारा आठवड्यांत पकड सुधारलेली कळेल. पूर्ण जायला कधी कधी वर्षही लागतं, पण बहुतेकांचं जातं. मध्येच एखादा आठवडा वाईट गेला तर सोडू नका, फक्त वजन कमी करा. माउस अंगाजवळ आणून ठेवा, हात लांबवून काम करू नका.