ओटीजी १५० वर ठेवला तरी नानखटाई जळते. रॉड बदलू की काय करू?

खाऊवाली_रामबाग (इंदूर)
ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) १५०० वॉटचा, बरीच वर्षं गुणी होता. आता नॉब १५० वर असला तरी नानखटाई खालून काळी, आतून कच्ची. टायमर संपेपर्यंत दोन्ही रॉड लालच, मधे एकदाही विझत नाहीत. दाराची काच इतकी तापते की जाऊबाई स्वयंपाकघरात यायला तयार नाहीत. मिस्त्री म्हणतो, "रॉड बदलून टाकू." अहो, रॉड गेला असता तर तापला असता का? गणपतीच्या ऑर्डरी घेऊन बसलेय. "नवा घ्या" सोडून काहीही सांगा.

विजयनगर_५४
रात्री भाजता का? आमच्याकडे रात्री व्होल्टेज २५० ला टेकतं. स्टॅबिलायझर लावा.

वायरमन_काका
व्होल्टेजला उगाच बदनाम करू नका. २३० चे २५० झाले तर रॉडची उष्णता साधारण १८ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ओव्हन लवकर तापेल. पण १५० झाल्यावर वीज तोडायचं काम थर्मोस्टॅटचं. रॉड विझतच नाहीत म्हणजे तो तोडत नाही. मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

ताई, थर्मामीटर नसेल तर फॉइलवर चमचाभर साखर पसरा, १५० वर तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. साखर वितळते १८६ अंशांच्या आसपास. दहा-पंधरा अंश इकडेतिकडे चांगल्या ओव्हनमध्येही होतं, पण साखर वितळली तर गडबड नक्की. मग तापलेला असतानाच नॉब हळूहळू मागे फिरवा, 'टक' ऐकू यायला हवं. दिव्यावर जाऊ नका, बऱ्याच ओटीजीत तो नुसता टायमरवर पेटतो.

पुढचं प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर. थर्मोस्टॅटमधून धातूची बारीक नळी निघते, टोकाला पेन्सिलीच्या तुकड्याएवढा बल्ब, म्हणजे दिवा नव्हे, द्रव भरलेली बंद कुपी. आतला द्रव तापून फुगतो आणि कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणाऱ्या पट्ट्यांची जोडी, उघडतो. बल्ब क्लिपमधून निसटून बाहेरच्या पत्र्याकडे गेला असेल तर त्याला आतली आच कळतच नाही. तेवढंच असेल तर फुकटात काम झालं.

खाऊवाली_रामबाग (इंदूर)
काका, साखर वितळून तपकिरी झाली! 'टक' नाही. बल्ब क्लिपमध्ये घट्ट आहे. भाच्यानं थर्मोस्टॅटची एक वायर सोडवून मल्टीमीटर लावला. नॉब 'बंद'वर असूनही बीप वाजतोय.

वायरमन_काका
बीप म्हणजे विजेची वाट जोडलेलीच आहे. मग कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी एकमेकांना चिकटलेत. नुसता द्रव गळला असता तर 'बंद'वर तरी बीप थांबला असता. घासत बसू नका, पुन्हा चिकटतील. थर्मोस्टॅटच बदला.

महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत जाताना जुना काढून सोबत न्या. अंशांची रेंज, १६ अँपिअर, नळीची लांबी, नॉबची दांडी, सगळं जुळलं पाहिजे. दुकानदार "चलेगा" म्हणाला तरी आखूड नळी घेऊ नका. बसवताना नळी मुडपली की नवाही वाया. आणि आत छोटा थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा) दिसला, तर तो वगळून वायरी थेट जोडायला कुणालाही देऊ नका, भाच्यालासुद्धा. तोवर ऑर्डरीच्या नानखटाया शेजारच्या ओव्हनमध्ये भाजा.