अनुभव धागा: अकरावी-बारावीची बायोलॉजी, इथली नि तिथली

मोरपंखी: लेक परवा ए-लेव्हलच्या (म्हणजे इंग्लंडातली अकरावी-बारावी) तासाला मेंढीचं हृदय कापून आली. म्हणे, "आई, महाधमनीतून बोट घातलं की थेट डाव्या व्हेंट्रिकलमध्ये जातं!" आमच्या भाषेत ती जवनिका, हृदयाचा खालचा कप्पा. मला एकदम १९९१ आठवलं: मेणाचा ट्रे, टाचण्या टोचलेलं झुरळ, नि सुईच्या टोकावर तरंगणाऱ्या पांढुरक्या लाळग्रंथी. माझ्या फाटल्या, शेजारणीच्या दाखवून मार्क घेतले. लेस्टरात दहावीनंतर बायोलॉजी घेतलेलं कोणी आहे का? पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगा. भारतातले अनुभवही येऊ द्या.

खारीचावाटा: झुरळ आपलं आपण आणायचं होतं. हॉर्लिक्सच्या बाटलीत दोन. आजीने बाटली घासून त्यात मेतकूट भरलं. पुढचं विचारू नका.

ढब्बूमिरची: 😂😂 खाल्लंत का?

भटकाबगळा: मी इंग्लंडातच शिकलो, एक्यूए नावाचं बोर्ड. जीसीएसईला (तिथली दहावी) ९, म्हणजे सर्वात वरचा ग्रेड होता, पहिल्या चाचणीत डी. घाबरू नका, निम्म्या वर्गाचं तेच होतं. सगळं येत असतं, पण "पाणी आत शिरतं" लिहिलं की शून्य. वॉटर पोटेन्शियल जास्तीकडून कमीकडे, पार्शली परमिएबल मेम्ब्रेनमधून, असंच हवं. जुने पेपर सोडवताना मार्क स्कीम शेजारी ठेवायला सांगा. प्रॅक्टिकल्स १२, त्यांचा ग्रेडशी संबंध नाही, नुसतं पास. पण पेपरात त्यावर विचारतातच. गणितही आहे, काय-स्क्वेअरसारख्या संख्याशास्त्राच्या चाचण्या वगैरे. तिसऱ्या पेपरात २५ मार्कांचा निबंध, दोन विषयांतला एक.

मोरपंखी: निबंध?? बायोलॉजीत? तिला आत्ता सांगत नाही.

निवांत_नाना: जवनिका! किती वर्षांनी ऐकला शब्द. कर्णिका, जवनिका... बहिणींची नावं वाटायची.

ढब्बूमिरची: आमच्याकडे बारावी आहे सध्या. थिअरी ७०, प्रॅक्टिकल ३०, आणि नीटला ७२० पैकी ३६० एकट्या बायोलॉजीचे. पोरगा एनसीईआरटीच्या ओळी पाठ म्हणतो, आकृतीखालची बारीक अक्षरंसुद्धा. जर्नल मात्र मी रंगवतेय, गुलाबी पेन्सिल संपली. कुकर झाला, येते.

खारीचावाटा: जर्नल आईनेच रंगवायचं असतं, परंपरा आहे.

निवांत_नाना: स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेत, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. बरणीतल्या फितीकृमीला मी "शेवया" लिहिलं होतं. फॉर्मलिनचा वास अजून नाकात आहे.

ढब्बूमिरची: नाना, आज शेवयांची खीरच केलीये हो :(

मोरपंखी: @भटकाबगळा, जुने पेपर कुठल्या वर्षापासूनचे चालतील?

भटकाबगळा: २०१७ पासूनचे. आधीचा अभ्यासक्रम वेगळा होता.

खारीचावाटा: मेतकूट खाल्लं. छान झालं होतं.