कॅमेऱ्याचं चलान की हवालदाराची पावती?

स्पीडब्रेकर (धागाकर्ता):
दंड कॅमेऱ्यानेच करावा, या मताचा मी आहे. तो तोंड बघून पावती फाडत नाही. ओळख, गयावया, चिरीमिरी, काही चालत नाही. हवालदाराची पाठ वळली की सिग्नल तोडणारे वीर आपण रोज बघतो. कॅमेरा खुपणाऱ्यांना न्याय नको असतो, सूट हवी असते. (गंमत म्हणजे वेग पकडणारा कॅमेरा घडवला मॉरिस गात्सोनिदेस या डच रॅलीचालकाने, तेही स्वतःचा वेग मोजून आणखी जोरात पळता यावं म्हणून!)

कडेकडेने:
तोंड बघत नाही, हीच तर गोची. तो नंबर प्लेट बघतो. गाडी मेहुण्याने नेली, दंड मला. कोणी माझ्या नंबरची खोटी पाटी लावून हिंडला, तरी निस्तरायचं मीच. एकदा रुग्णवाहिकेला वाट द्यायला लाल दिव्यावर पुढे सरकलो. हवालदार असता तर त्यानेच हात करून पुढे घेतलं असतं. नोटीस आली महिन्याभराने.

स्पीडब्रेकर:
मग फोटो मागून हरकत घ्या की. हवालदाराच्या तोंडी शब्दाविरुद्ध काय पुरावा आणणार होता?

कडेकडेने:
मागितला. फोटोत माझी गाडी आणि लाल दिवा. रुग्णवाहिका चौकटीबाहेर.

पाचवा गियर:
पिवळा दिवा किती सेकंद, हे कोण ठरवतं ते बोला आधी. ताशी ५० किमीने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक सेकंद गेलेला असतो. जर्मनीत या वेगाला पिवळा ३ सेकंद असतो. त्यातला अर्धा काढून घ्या, बघा नियम पाळणारेही कसे पटापट सापडतात. आणि चिरीमिरीचं म्हणाल तर शिकागोत कॅमेऱ्यांच्या कंत्राटासाठी शहराच्याच अधिकाऱ्याने लाच खाल्ली. २०१६ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. खाबूगिरी चौकातून उठून कार्यालयात जाऊन बसली, एवढंच.

स्पीडब्रेकर:
शिकागोचं मान्य, पण तो दोष कंत्राटाचा. पिवळ्याची वेळ जाहीर करा, चौकाचं पूर्ण चित्रण द्या, आणि हरकत माणसाने ऐकावी. कॅमेरा काढायचा कशाला? नाकाबंदीत कोणाला थांबवायचं हे हवालदार कशावरून ठरवतो, तेही सांगा ना कोणीतरी.

कडेकडेने:
हरकत माणसाने ऐकावी म्हणे! माझ्या नोटिशीखाली काय होतं माहितीय? ‘संगणकीय प्रत, सहीची आवश्यकता नाही.’