मॅगेलन पोहोचलाच नाही

'स्पेनच्या मोहिमेचा प्रमुख, दर्यावर्दी मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली' असं अनेकदा म्हटलं जातं, तेवढं दुरुस्त करायला हवं. २७ एप्रिल १५२१ला तो फिलिपिन्समधल्या मक्तान बेटावरच्या लढाईत मारला गेला. मोहिमेच्या पाच जहाजांपैकी एकटं 'व्हिक्टोरिया' प्रदक्षिणा पूर्ण करून सप्टेंबर १५२२मध्ये स्पेनला पोहोचलं. कप्तान होता एल्कानो, सोबत जेमतेम १७ जण. त्याचं नाव मागे पडतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पॅसिफिक ओलांडतानाचे तीन महिने तर वाचवत नाहीत. मोहिमेत बरोबर असलेल्या, तिची हकीकत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने लिहून ठेवलंय: बिस्किटांचा भुगा झालेला, त्यात अळ्या, वर उंदरांच्या मुताचा वास. पाणी पिवळं पडलेलं. डोलकाठीच्या आडव्या वाशावरचं बैलाचं कातडं उन्हावाऱ्याने इतकं टणक झालेलं, की चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, निखाऱ्यांवर भाजून मग चावायचं. एका उंदराला अर्धा डुकाट (तेव्हाचं सोन्याचं नाणं) मोजायची तयारी, तरी उंदीर मिळेना!

आणि परतीच्या वाटेवर आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांवर वेगळाच धक्का. पिगाफेट्टाने एकही दिवस न चुकवता रोजनिशी लिहिलेली, तिच्यात बुधवार. किनाऱ्यावर मात्र गुरुवार. पश्चिमेकडे जाता जाता पृथ्वीला फेरी घातल्याने त्यांच्या मोजणीतला एक अख्खा दिवस गेला होता.