पोह्यांची प्लेट किती ग्रॅमची असावी?

तर्रीपोहे_नागपूर: मी नागपूरचा, 3 वर्षं हिंजवडीत नोकरीला आहे. सकाळची बस गाठायची म्हणून नाश्ता बाहेरच. ऑफिसखालच्या एका साखळी दुकानात पोहे-चहा 119 रुपयांना मिळतो, आणि दीड तासात पोटात कावळे ओरडायला लागतात. शेवटी पार्सल घरी आणून काट्यावर ठेवलं. डबा वगळून 128 ग्रॅम! बसस्टॉपजवळच्या गाडीवरची 30 रुपयांची प्लेट भरली 174. तीन-तीनदा मोजलं, पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे. एसीचे, बसायच्या जागेचे पैसे लागणार हे कबूल, पण भूक भागायला नको का? घरी आई माणशी दोन मुठी पोहे भिजवायची, दुपारपर्यंत काही लागायचं नाही. तुम्ही घेण्याआधी अंदाज कसा बांधता?

गाडीवाली_ताई: दादा, माझी पोह्यांचीच गाडी आहे, 11 वर्षं झाली. किलोभर जाडे पोहे भिजवले की कांदा, बटाटा, शेंगदाणे धरून अडीच किलोच्या घरात जातात. त्यात मी 14 प्लेटा काढते. भाव वाढवला की गिऱ्हाईक तोंडावर बोलतं, डाव लहान केला तर कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. मीसुद्धा दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं. रोजचे एक आजोबा प्लेट हातात घेऊन नुसते बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. मला रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठा डाव परत काढला आणि 25 चे 30 केले. वाटीने मूद पाडून देतात तिथे वाटीची खोली बघा, वरची कोथिंबीर-खोबरं बघू नका.

कट_वाढा: मिसळीलाही हेच लागू. वर फरसाणाचा डोंगर असतो, चमचा घालून खाली मटकी किती ते बघायचं. आणि रस्सा परत मागितला तर पैसे लावतात का, हे बसण्याआधी विचारायचं. आमच्या कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेड येतो, जास्तीच्या स्लाइसचाही दर विचारून घ्यावा.

नियम_वाचा: 10 किंवा जास्त शाखा असलेल्या खाद्यदुकानांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि एका वाढपाचं प्रमाण लिहिणं एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. बोर्डावर दिसलं नाही तर काउंटरवर मागा, तो तुमचा हक्क आहे.

तर्रीपोहे_नागपूर: मागितलं. काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हतं, त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजर म्हणाले वरून विचारून सांगतो. चार दिवस झाले, उत्तर नाही. ताई, तुमचा हिशेब वाचून आईला फोन केला आणि तिच्या दोन मुठी काट्यावर टाकायला लावल्या. कोरडे 70 ग्रॅम. म्हणजे तयार झाल्यावर पावणेदोनशेच्या आसपास, गाडीवरच्या प्लेटइतकेच. उद्यापासून पाच मिनिटं लवकर निघून गाडीवरच खाणार.