प्रति: हप्ता चुकला तर थेट तुरुंग?
प्रोबेशन म्हणजे शिक्षेऐवजी नीट वागण्याच्या बॉण्डवर (लेखी हमीवर) सुटका. ‘प्रोबेशनवर असताना भरपाईचा हप्ता चुकला की थेट आत’ असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, पण तसं होत नाही. मात्र गप्प बसणं खरंच महागात पडतं. मुंबईतलं किल्ला कोर्ट असो की अंधेरीचं, आधी आदेशाची सर्टिफाइड कॉपी नीट वाचा. रक्कम १९५८ च्या परिविक्षा (म्हणजे प्रोबेशन) कायद्याच्या कलम ५ खाली असेल तर वसुली दंडासारखी होते, म्हणजे सामानाच्या जप्तीचं वॉरंट निघू शकतं. तेव्हा हप्ते पाडून मिळावेत असा अर्ज त्याच कोर्टात, तारखेच्या आधी द्या. सोबत भाड्याची पावती, औषधांची बिलं, पासबुक आणि आजवर भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती.

बॉण्डची अटच झेपत नसेल तर ती बदलून घ्यायला त्याच कायद्याचं कलम ८ आहे, पण तो अर्ज प्रोबेशन ऑफिसरने करायचा असतो, म्हणून त्यांना लेखी कळवून पोच घ्या. जामीनदारालाही सांगा, कोर्ट त्याचंही ऐकतं. वकिलाची फी जमत नसेल तर १५१०० वर विधी सेवेला (मोफत कायदेशीर मदतीसाठी) फोन करा.